यकृतात पोचलेला जठराचा कॅन्सर : ऑपरेशन कधी आणि कुणाचं?

‘‘डॉक्टर, गाठ काढून टाका. पैशांचं आम्ही बघतो.’’

कॅन्सरच्या ओपीडीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतंच. बोलणारा बहुधा मुलगा असतो, नाहीतर जावई. शेजारी साठीच्या आसपासचे वडील बसलेले. शर्टाची कॉलर गळ्याशी सैल झालेली, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. सहा-आठ महिने ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतलेली. मग चार घासांत पोट गच्च व्हायला लागलं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन सातवर आलं, तेव्हा कुणीतरी एंडोस्कोपी करायला लावली. जठरात व्रण दिसला, बायोप्सीत कॅन्सर निघाला. आणि आता सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात आहे : यकृतात दोन गाठी.

कुटुंबाचं गणित सरळ असतं. एक गाठ जठरात, दोन यकृतात. तिन्ही काढल्या की सुटलो. हे गणित बहुतेक वेळा चुकतं, पण क्वचित बरोबरही ठरतं. कधी चुकतं आणि कधी बरोबर ठरतं हे ठाऊक असलेलं बरं, कारण शेताचा तुकडा विकायचा की नाही इथपासून ते पुढचे महिने रुग्णालयात काढायचे की घरी, इथपर्यंत पुष्कळ गोष्टी त्यावर ठरतात.

आधी, हा कॅन्सर यकृतातच का जातो? जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्यातून बाहेर पडणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते ‘पोर्टल व्हेन’ नावाच्या मोठ्या शिरेत गोळा होतं आणि आधी यकृतात जातं. शहरात येणाऱ्या मालाला पूर्वी जकात नाक्यावर थांबावं लागे, तसंच हे. जठराच्या भिंतीतून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी या प्रवाहातून वाहत आल्या, की त्यांना अडकायला पहिली जागा मिळते ती यकृताचीच.

मोठ्या आतड्याचा कॅन्सरही याच वाटेने यकृतात पोचतो, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या यकृतातल्या गाठी कापून काढणं ही आता रूढ उपचारपद्धती आहे. नीट निवडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के लोक अशा ऑपरेशननंतर पाच वर्षांनीही हयात असतात. त्यामुळे नात्यात, शेजारात कुणीतरी ‘लिव्हरपर्यंत गेलेला कॅन्सर काढून टाकला आणि आता ठणठणीत आहेत’ असे काका निघतातच. ते खोटं नसतं. फक्त त्या काकांचा कॅन्सर वेगळा होता.

जठराचा कॅन्सर एकाच वाटेने जात नाही. रक्ताची वाट आहेच. शिवाय जठराभोवती लसिकाग्रंथींचं दाट जाळं आहे, त्यातून तो पाठीच्या कण्यासमोरच्या महाधमनीपर्यंत सरकतो. तिसरी वाट सर्वांत वाईट. गाठ जठराची भिंत पोखरून बाहेरच्या पृष्ठभागावर आली, की तिथून पेशी पोटाच्या पोकळीत अक्षरशः पेरल्या जातात. पोटाच्या आतल्या पातळ अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, रव्याच्या कणांसारखे ठिपके उगवतात. हे ठिपके सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाहीत. म्हणून ‘यकृतात दोनच गाठी’ या वाक्यातला ‘दोनच’ हा शब्द जरा जपून वाचायचा असतो. स्कॅनला दोन दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ.

जठराच्या कॅन्सरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात केलं. त्याआधी १८७९ मध्ये पॅरिसच्या पेआँ यांनी आणि १८८० मध्ये पोलंडच्या रिडिगियर यांनी प्रयत्न केले होते, पण दोघांचेही रुग्ण दगावले. बिलरोथ यांची रुग्ण ४३ वर्षांची बाई होती. जठराचं खालचं तोंड गाठीने बंद झालं होतं आणि पोटात काही ठरत नव्हतं. बिलरोथ यांनी गाठीचा भाग कापला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. जखम भरली, बाई जेवू लागली, घरी गेली. शल्यचिकित्सेच्या इतिहासात ही तारीख मोठ्या मानाने सांगितली जाते. ती बाई पुढे चारच महिने जगली, हे मात्र सांगायचं राहून जातं. कॅन्सर पोटात इतरत्र आधीच पसरलेला होता. ऑपरेशन उत्तम झालं होतं आणि आजार मात्र सुरीच्या टापूबाहेर राहिला होता. दीडशे वर्षं होत आली, तरी प्रश्न तोच आहे.

पसरलेला कॅन्सर असताना निदान जठरातली मूळ गाठ तरी काढावी का? ‘मूळच उपटलं तर फांद्या सुकतील’ हा विचार सामान्य माणसाच्या मनात येतो, तसाच तो सर्जनच्याही मनात येतो. तो तपासण्यासाठी जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरमधल्या डॉक्टरांनी २००८ पासून एक चाचणी केली. तिचं नाव ‘रेगाटा’. यकृत, पेरिटोनियम किंवा महाधमनीजवळच्या ग्रंथी यांपैकी एकाच जागी कॅन्सर पसरलेले १७५ रुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले. एका गटाला फक्त केमोथेरपी. दुसऱ्या गटाचं जठर काढून मग केमोथेरपी. यकृतातल्या गाठींना मात्र हात लावायचा नाही. २०१३ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण पुढे चालवण्यात अर्थ उरला नव्हता. दोन वर्षांनंतर फक्त केमोथेरपीच्या गटात ३१.७ टक्के रुग्ण हयात होते. ऑपरेशन झालेल्यांत २५.१ टक्के. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मूळ उपटण्याच्या कल्पनेला बराचसा विराम मिळाला. असं का झालं, याचं एक कारण अगदी साधं आहे : जठर गेल्यावर माणूस इतका अशक्त होतो, की पुढची केमोथेरपी त्याला पूर्ण झेपत नाही. जठराच्या वरच्या भागात गाठ असलेल्यांच्या बाबतीत हे विशेष दिसलं, कारण त्यांचं अख्खं जठर काढावं लागतं.

मग जठरही काढलं आणि यकृतातल्या गाठीही काढल्या तर? इथे जपानी सर्जन पुढे येतात. त्यांच्या देशात जठराचा कॅन्सर फार, त्यामुळे अनुभवही दांडगा. १९९० ते २०१० या काळात जपानमधल्या अनेक रुग्णालयांत अशा दुहेरी उपचाराने यकृतातल्या गाठी काढलेल्या २५६ रुग्णांचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी त्यांतले सुमारे ३१ टक्के जिवंत होते. चौथ्या टप्प्यातल्या जठराच्या कॅन्सरमध्ये, जिथे केमोथेरपीवर साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं आयुष्य धरलं जातं, तिथे हा आकडा डोळे दिपवणारा आहे. इंटरनेटवर शोधणाऱ्या मुलाला नेमका हाच आकडा सापडतो, आणि तो मोबाइल पुढे करून विचारतो, ‘‘मग आमच्या आप्पांचं का नाही?’’

त्याला उत्तर देताना मी वारीचं उदाहरण देतो. आषाढीला आळंदीहून पायी पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्यांची तुम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात तब्येत तपासलीत, तर ती त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा चांगली निघेल. म्हणून कुणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून दिवेघाटात नेऊन उभं करत नाही. चालण्याने तब्येत सुधारते हे खरंच असेल. पण ज्यांची तब्येत मुळात बरी, तेच निघाले आणि तेच पोचले, हेही तितकंच खरं. ऑपरेशनसाठी सर्जन निवडतात ते रुग्ण असेच असतात : गाठी कमी आणि लहान, अंगात ताकद, कॅन्सरची चाल संथ. त्यांच्या आयुष्यातले किती महिने सुरीने दिले आणि किती त्यांच्या कॅन्सरच्या स्वभावानेच दिले, हे असल्या अहवालांतून वेगळं काढता येत नाही. जपानी अहवालातही एक गोष्ट स्पष्ट होती. तीन किंवा जास्त गाठी, पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, आणि मूळ कॅन्सर जठराच्या बाहेरच्या आवरणापर्यंत आलेला, यांपैकी काही असेल तर निकाल घसरत होता.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी पुढचं पाऊल टाकलं. ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या केमोथेरपीचे काही डोस आधी द्यायचे, कॅन्सर मर्यादित राहिला तर मग ऑपरेशन, अशी त्यांची योजना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत मर्यादित पसार असलेले ६० रुग्ण होते. त्यांतल्या ३६ जणांचं ऑपरेशन होऊ शकलं. त्यांच्यापैकी निम्मे ३१ महिन्यांहून अधिक जगले. ज्यांचं होऊ शकलं नाही, त्यांच्यात हा आकडा १६ महिन्यांच्या आत होता. पुन्हा तीच वारी! इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या.

म्हणून त्याच गटाने चिठ्ठ्या टाकून मोठी चाचणी सुरू केली. ‘रेनेसाँस’ हे तिचं नाव. २०२४ मध्ये शिकागोला झालेल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत तिचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा सर्जन मंडळींचे चेहरे फारसे खुलले नसणार. केमोथेरपीनंतर १३९ रुग्ण दोन गटांत वाटले गेले होते. ऑपरेशनच्या गटातलं मध्यक आयुष्य १८.५ महिने, नुसती केमोथेरपी चालू ठेवलेल्यांचं २३.६ महिने. ऑपरेशनच्या गटात सुरुवातीच्या महिन्यांतले मृत्यू जास्त होते, आणि ऑपरेशननंतरची ठरलेली केमोथेरपी अनेकांना घेताच आली नाही. पेरिटोनियमवर पसार असलेल्यांचं ऑपरेशनने नुकसानच झालं. फक्त दूरच्या लसिकाग्रंथींत पसार होता, अशांना मात्र फायदा झालेला दिसला : ३० महिने विरुद्ध १७. रुग्ण पुरेसे मिळेनात म्हणून ही चाचणी ठरल्यापेक्षा लहानच राहिली, आणि तिच्यात सगळे प्रकारचे पसार एकत्र होते. त्यामुळे ‘फक्त यकृतात, एक-दोनच गाठी’ अशा रुग्णांसाठी तिने दार पुरतं बंद केलेलं नाही. जपानच्या उपचार-मार्गदर्शक सूचनांमध्येही यकृतात एकच गाठ असेल तर ती काढण्याचा पर्याय ठेवलेला आहे.

मला यातून एवढंच दिसतं, की प्रश्न ‘ऑपरेशन करायचं की नाही’ असा विचारला की चुकतो. तो ‘आत्ता की नंतर, आणि नंतर करण्यासारखं काही उरलंय का’ असा विचारावा लागतो.

प्रत्यक्षात काय होतं? रिपोर्ट आल्यावर लगेच ऑपरेशनची तारीख कुणी देत असेल, तर दुसरं मत घ्यावं. आधी पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघितलं जातं, म्हणजे लॅप्रोस्कोपी. पेरिटोनियमवरचे ठिपके हुडकायचे, पोटात सलाइनचं पाणी सोडून ते परत ओढायचं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी सापडतात का ते पाहायचं. ठिपके निघाले किंवा पेशी सापडल्या, तर यकृताच्या ऑपरेशनचा विचार तिथेच थांबतो. रुग्णाला हे तीस-चाळीस मिनिटांचं काम ‘उगीच’ वाटतं. पण मोठ्या आणि निरुपयोगी ऑपरेशनमधून अनेकांना तेच वाचवतं.

मग केमोथेरपी. दर पंधरा दिवसांनी एक डोस धरला, तर दोन-तीन महिने. या काळात सर्वांत अस्वस्थ असतात ते घरचे. ‘‘वेळ घालवताय. तोवर वाढला तर?’’ प्रश्न चुकीचा नाही. पण औषध चालू असताना दोन महिन्यांत ज्याच्या यकृतात नव्या चार गाठी उगवल्या, त्याच्या त्या चार गाठी ऑपरेशनच्या दिवशीही तिथेच होत्या. फक्त दिसत नव्हत्या. त्याला आधी कापलं असतं तर जखम भरत असतानाच कॅन्सर परतला असता आणि केमोथेरपी द्यायला अंगात बळ राहिलं नसतं. उलट गाठी आक्रसल्या, नवीन काही उगवलं नाही, वजन टिकलं, तर त्या कॅन्सरची चाल आपल्याला कळली. सुरीचा विचार त्यानंतर.

याच वेळी बायोप्सीच्या तुकड्यावर काही खास तपासण्या होतात. त्या झाल्यात का, हे आवर्जून विचारावं. ‘हर-टू’ हे प्रथिन साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकात वाढलेलं असतं. अशांना ट्रास्टुझुमॅब हे औषध केमोथेरपीसोबत दिलं तर आयुष्य वाढतं, हे २०१० पासून ठाऊक आहे. काहींच्या कॅन्सरपेशींतली डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. त्यांच्यावर इम्युनोथेरपीचा परिणाम चांगला होतो. ही औषधं महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत. पण गेल्या दहा वर्षांत यकृतात पसरलेल्या जठराच्या कॅन्सरचं चित्र जे काही पालटलं, ते सुरीपेक्षा या औषधांनी. आता अधूनमधून असा रुग्ण भेटतो, ज्याच्या यकृतातल्या गाठी औषधांनी जवळपास नाहीशा होतात आणि पूर्वी ज्याला हात लावला नसता, तो ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतो.

ऑपरेशन ठरलंच, तर ते मोठं असतं. जठराचा बराचसा भाग किंवा संपूर्ण जठर, भोवतालच्या लसिकाग्रंथी आणि यकृताचा गाठी असलेला भाग. यकृत उदार अवयव आहे. निरोगी असेल तर पाव ते एक तृतीयांश उरलं तरी काम भागतं, आणि काही आठवड्यांत ते वाढून बरंच भरून येतं. पण ‘निरोगी असेल तर’ ही अट आपल्याकडे वाटते तितकी सोपी नाही. मधुमेह, दारू आणि सुटलेलं पोट यांमुळे चरबी साठलेलं यकृत आता घरोघरी आहे. त्यात केमोथेरपीतल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि पोट उघडल्यावर यकृत निळसर दिसतं. असं यकृत कमीच कापावं लागतं. लहान, एकट्या गाठीसाठी कधी कधी कापण्याऐवजी सुई खुपसून उष्णतेने ती जाळण्याचा पर्यायही वापरतात.

संपूर्ण जठर काढलं तर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. माणूस जठराशिवाय जगतो, जेवतो, कामावरही जातो. पण ताट भरून जेवण संपलं. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. गोड भसकन खाल्लं तर घाम, धडधड, जुलाब. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, म्हणून त्याची इंजेक्शनं कायमची. आणि उतरलेलं वजन पुन्हा पहिल्यासारखं येईल, ही अपेक्षा ठेवू नये.

ज्यांच्यासाठी हे मोठं ऑपरेशन नाही, त्यांच्यासाठी सर्जनकडे काहीच नसतं असं नाही. गाठीने जठराचं तोंड बंद झालं असेल तर एंडोस्कोपीतून जाळीची नळी बसवता येते किंवा जठराला आतड्याची पर्यायी वाट जोडून देता येते, म्हणजे खाल्लेलं पुढे सरकतं. गाठीतून रक्त जात असेल तर काही वेळा रेडिएशनने ते थांबतं. हे बरं करण्याचे उपाय नव्हेत, पण उलटी न होता वरण-भात पोटात ठरणं ही त्या घरात फार मोठी गोष्ट असते. खर्चाबद्दलही आधीच बोलावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी येतात. शेताचा सौदा करण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर कागद दाखवावेत.

हे सगळं समजावून झालं की मुलगा गप्प होतो. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, की ‘ऑपरेशन नाही’चा अर्थ त्याने ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा घेतलाय. मग मी कागदावर तारखा लिहून देतो : लॅप्रोस्कोपी कधी, पहिला डोस कधी, चार डोसांनंतरचा सीटी स्कॅन कधी. त्या स्कॅननंतर पुन्हा याच खुर्च्यांवर बसू, तेव्हा ऑपरेशनचा विषय मीच काढीन, असं सांगतो. तारखा पाहिल्यावर तो जरा सावरतो.

इतका वेळ एक शब्दही न बोललेली त्याची आई जाता जाता दारात थांबते. ‘‘तोवर यांना खायला काय देऊ?’’

मी सांगतो, दोन-दोन तासांनी, थोडंसंच. अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर दही, पनीर, मुगाची पातळ खिचडी वर तूप घालून. आणि दर सोमवारी वजन करून वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी ती वही घेऊन या.